अंदमान-निकोबारमधील शैवाके : नव्या प्रजातींचा शोध, नामकरण आणि संवर्धनाचा प्रश्न

बंगालच्या उपसागरातील अंदमान व निकोबार बेटांच्या वर्षावनांत झाडांच्या खोडांवर पांढरे, राखाडी किंवा फिकट हिरवे पातळ थर आढळतात. पाहणाऱ्याला ते सालीवर उडालेल्या चुन्याचे डाग वाटावेत, असे त्यांचे रूप असते. प्रत्यक्षात ती शैवाके होत. मराठी घरांत गोड्या मसाल्यासाठी वापरले जाणारे दगडफूल याच जीवगटातील आहे. या बेटांवरील शैवाकांच्या शास्त्रीय नोंदींचा आरंभ सुमारे दीडशे वर्षांपूर्वी युरोपात झाला. गेल्या चार-पाच दशकांत पुणे, लखनौ आणि पोर्ट ब्लेअर येथील संशोधकांनी हे काम पुढे नेले असून विज्ञानाला अपरिचित असलेल्या अनेक प्रजातींचे वर्णन त्यातून प्रसिद्ध झाले आहे.

नव्या प्रजातीचे वर्णन ही संवर्धनाच्या मार्गावरील पहिली पायरी असते. ज्या प्रजातीला नाव नाही, तिची नोंद कोणत्याही संकटग्रस्त सूचीत होऊ शकत नाही आणि ती नष्ट झाली तरी त्याचा हिशेब राहत नाही. अंदमान-निकोबारमधील जंगलांचे स्वरूप बदलत असताना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

शैवाक म्हणजे काय?

शैवाक हा एकच जीव नसून ते कवक आणि शैवल यांचे सहजीवन आहे. काही शैवाकांत शैवलाऐवजी नील-हरित जीवाणू असतात, तर काहींत दोन्ही आढळतात. कवकाचे तंतू शरीराचा सांगाडा तयार करतात, ओलावा धरून ठेवतात आणि आतील हिरव्या पेशींचे ऊन व कोरडेपणा यांपासून रक्षण करतात. शैवल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा कवकाला मिळतो.

शैवाक म्हणजे दोन जीवांची जोडी आहे, हा विचार स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८६७ मध्ये मांडला. त्यापूर्वी शैवाकांना स्वतंत्र वनस्पती मानले जात असे. त्या काळातील अनेक नामवंत अभ्यासकांनी या मताला कडाडून विरोध केला. मात्र पुढील संशोधनाने ते खरे ठरवले. काही शैवाकांच्या बाह्य आवरणात यीस्ट प्रकारचे आणखी एक कवकही असते, असे टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले.

बाह्य रूपावरून शैवाकांचे ढोबळमानाने तीन प्रकार केले जातात. खडकाला किंवा सालीला घट्ट चिकटलेली ती कवचरूप, पानासारख्या पसरट पाळ्यांची ती पर्णरूप आणि झुडपासारखी उभी किंवा दाढीसारखी लोंबणारी ती क्षुपरूप. दगडफूल पर्णरूप असते. अंदमान-निकोबारच्या सखल वर्षावनांत मात्र कवचरूप शैवाकांचे प्राबल्य आहे. त्यांना सालीपासून वेगळे काढता येत नाही, दुरून ती एकसारखी दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यांची ओळख पटत नाही. ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

शैवाकांना मुळे नसतात. पाणी आणि क्षार ती मुख्यतः हवेतून व पावसातून घेतात. त्यामुळे हवेतील सल्फर डायऑक्साइडसारख्या प्रदूषकांचा परिणाम त्यांच्यावर लवकर दिसतो आणि हवेच्या गुणवत्तेचे निदर्शक म्हणून त्यांचा उपयोग केला जातो. त्यांची वाढ अत्यंत मंद असते. अनेक कवचरूप शैवाके वर्षभरात जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर पसरतात.

एकाच वस्तूची अनेक नावे

शास्त्रीय नावाची गरज का भासते, हे दगडफुलाच्या उदाहरणावरून समजते. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडमध्ये मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. रायपूरच्या महामाया मंदिराभोवती वसलेल्या पुरानी बस्तीसारख्या जुन्या भागात मराठी गृहिणी घरात ज्याला दगडफूल म्हणते, त्यालाच हिंदी भाषक दुकानदार ‘पत्थर फूल’ किंवा ‘छरीला’ म्हणतो. संस्कृतात त्याला ‘शैलेय’ हे नाव आहे, तर तमिळमध्ये ते ‘कल्पासी’ म्हणून ओळखले जाते.

नावे अनेक असली तरी वस्तू एकच आहे, असेही म्हणता येत नाही. बाजारातील दगडफुलात ‘पार्मोट्रेमा’ या वंशातील प्रजातींबरोबर इतर वंशांतील पर्णरूप शैवाकेही मिसळलेली असतात. हा माल हिमालय, पश्चिम घाट आणि मध्य भारतातील डोंगराळ जंगलांतून गोळा केला जातो. त्यात नेमकी कोणती प्रजाती किती प्रमाणात आहे, हे व्यापारी नावावरून कळत नाही. परिणामी कोणत्या प्रजातीची तोड अधिक होत आहे, हेही ठरवता येत नाही. रोजच्या वापरातील शैवाकाची ही स्थिती असेल, तर दूरच्या बेटांवरील उपयोगात नसलेल्या शैवाकांना लोकभाषेत नाव नसणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी शास्त्रीय नाव हीच एकमेव ओळख असते.

बेटांची परिस्थिती

अंदमान-निकोबार हा ८३६ बेटे, उपबेटे व खडकांचा समूह असून त्याचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर आहे. त्यातील ८० टक्क्यांहून अधिक भूभागावर वनाच्छादन आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, वर्षभर उष्ण व दमट हवा आणि गर्जन, पडौक यांसारखे उंच वृक्ष यांमुळे शैवाकांना अनुकूल अधिवास मिळतो. झाडाची साल गुळगुळीत आहे की खडबडीत, तिची आम्लता किती आहे, तिच्यावर किती प्रकाश पडतो, यानुसार तिच्यावरील शैवाके बदलतात. खारफुटीच्या खोडांवर एक समूह वाढतो, दाट जंगलातील सावलीत दुसरा. काही प्रजाती सदाहरित झाडांच्या पानांवरच वाढतात आणि पान गळेपर्यंत आपले जीवनचक्र पूर्ण करतात.

या बेटांवरील ‘ग्राफिस’ आणि त्याच्याशी जवळीक असलेले वंश लिपी-शैवाके म्हणून ओळखले जातात. त्यांची बीजाणू निर्माण करणारी फळे काळ्या, वाकड्यातिकड्या रेघांसारखी असल्याने सालीवर कोणी अक्षरे लिहिली असावीत, असा भास होतो. ‘क्रिप्टोथेसिया’ या वंशात अशी स्पष्ट फळे नसतात. बीजाणूंच्या पिशव्या शैवाकाच्या कापसासारख्या शरीरात विखुरलेल्या असतात. या वंशाच्या ग्रीक नावातही काहीतरी लपलेले असल्याचा अर्थ आहे. उष्ण प्रदेशातील अशा अनेक शैवाकांत ‘ट्रेंटेपोहलिया’ हे शैवल असते. वर्गीकरणाने ते हिरवे शैवल असले तरी त्याच्या पेशींत नारिंगी रंगद्रव्य असते आणि ताजे शैवाक खरवडल्यास तो रंग दिसून येतो.

भौगोलिकदृष्ट्या अंदमान म्यानमारला, तर निकोबार सुमात्राला जवळ आहे. त्यामुळे येथील जीवसृष्टीचे नाते भारतीय मुख्य भूमीइतकेच आग्नेय आशियाशीही आहे. शैवाकांचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर दूरवर जाऊ शकतात, म्हणून येथील अनेक प्रजाती संपूर्ण उष्ण कटिबंधात आढळतात. मात्र बीजाणू पोहोचला, तरी त्यातून निघालेल्या कवकाला योग्य शैवलाची साथ मिळावी लागते. एखादी प्रजाती केवळ अंदमानातच सापडते, असे नोंदवले जाते, तेव्हा ती खरोखर प्रदेशनिष्ठ असू शकते किंवा शेजारच्या प्रदेशात तिचा शोध घेतला गेलेला नसतो. दोन्ही शक्यता गृहीत धरूनच अशा नोंदी वाचाव्या लागतात.

अभ्यासाची परंपरा

अंदमानच्या शैवाकांविषयीचे आरंभीचे महत्त्वाचे लेखन विल्यम नायलँडर यांनी १८७३ मध्ये फ्रान्समधील एका विज्ञान मंडळाच्या नियतकालिकात केले. फिनलंडमध्ये जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले नायलँडर एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य शैवाकतज्ज्ञ होते. जगाच्या निरनिराळ्या भागांतून त्यांच्याकडे नमुने येत आणि त्यांवरून ते प्रजातींची लॅटिन वर्णने लिहीत. शैवाकावर रसायनाचा थेंब टाकून होणाऱ्या रंगबदलावरून प्रजाती ओळखण्याची पद्धत त्यांनी १८६६ मध्ये मांडली. ती आजही वापरली जाते. श्वेन्डेनर यांचा सहजीवनाचा सिद्धांत मात्र त्यांनी कधीही स्वीकारला नाही. त्यांचा नमुनासंग्रह हेलसिंकी येथे जतन करण्यात आला आहे. परिणामी अंदमानच्या शैवाकांवर काम करणाऱ्या भारतीय संशोधकाला जुन्या नावांची खातरजमा करण्यासाठी अनेकदा युरोपातील संग्रहालयांवर अवलंबून राहावे लागते.

भारतात या विषयाची पायाभरणी लखनौ विद्यापीठातील धरणीधर अवस्थी (१९२२-२०११) यांनी केली. भारत, नेपाळ व श्रीलंका या देशांतील शैवाके ओळखण्यासाठी त्यांनी तयार केलेले संदर्भग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत पुढे शैवाकांवरील संशोधनाचे मोठे केंद्र उभे राहिले.

महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजले. मालवण येथे जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४-१९६०) यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेची स्थापना झाली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ मध्ये आघारकर यांचे नाव देण्यात आले. या संस्थेतील पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील शैवाकांबरोबरच अंदमानमधील शैवाकांचाही पद्धतशीर अभ्यास केला. १९८० च्या दशकात अंदमान बेटांच्या शैवाकसृष्टीवरील त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. लिपी-शैवाकांसारखे अवघड कवचरूप गट हे पुण्यातील संशोधनाचे वैशिष्ट्य ठरले. ‘अकँथोथेसिस’ आणि ‘फिस्सुरिना’ या वंशांतील भारतीय प्रजातींवरील मखिजा व बी. अडावदकर यांचा लेख २००७ मध्ये ‘द लायकेनॉलॉजिस्ट’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे अंदमान-निकोबार प्रादेशिक केंद्र १९७२ पासून पोर्ट ब्लेअर येथे कार्यरत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचे नामकरण श्री विजयपुरम असे करण्यात आले. सर्वेक्षणाचे टी. ए. एम. जगदीश राम आणि जी. पी. सिन्हा यांनी ‘क्रिप्टोथेसिया’ आणि ‘मायरिओस्टिग्मा’ या वंशांची जागतिक ओळख-सारणी २०१६ मध्ये ‘फायटोटॅक्सा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. अंदमान-निकोबारमधील नव्या प्रजातींची वर्णने व नव्या नोंदी तिच्यात आहेत. बेटांवरील नमुन्यांचा अभ्यास करताना संपूर्ण जगातील प्रजातींची तुलना करावी लागते, याचे हे उदाहरण आहे.

नवी प्रजाती कशी ठरते?

कामाचा आरंभ जंगलात होतो. संशोधक धारदार सुरीने सालीचा पातळ तुकडा शैवाकासह काढतो. खडकावरील नमुन्यासाठी छिन्नी व हातोडा लागतो. झाडाचा प्रकार, उंची, प्रकाश, अक्षांश-रेखांश आणि दिनांक यांची नोंद करून नमुना कागदी पाकिटात ठेवला जातो आणि सावलीत वाळवला जातो. नीट वाळवलेला व कोरड्या जागी ठेवलेला नमुना शतकाहून अधिक काळ टिकतो.

प्रयोगशाळेत फळाचा अतिशय पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. बीजाणूची लांबी-रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजली जाते. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. बीजाणूत आडवे पडदे किती आहेत, उभे पडदेही आहेत का, एका पिशवीत किती बीजाणू आहेत आणि आयोडीन लावल्यावर कोणता रंग येतो, हे तपासले जाते. दिसायला तंतोतंत सारख्या दोन शैवाकांतील फरक अनेकदा बीजाणूंच्या रचनेतूनच उघड होतो.

यानंतर रासायनिक तपासणी होते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड, विरंजक द्राव आणि पॅराफेनिलिनडायअमाइन यांचे थेंब टाकून पिवळा, लाल किंवा नारिंगी रंग येतो का, हे पाहिले जाते. अतिनील प्रकाशात नमुना चमकतो का, याची नोंद होते. पातळ थर वर्णलेखन या तंत्राने शैवाकातील विशिष्ट आम्ले ओळखली जातात. यांतील बरीच रसायने शैवाकांखेरीज इतर सजीवांत क्वचितच आढळतात. अलीकडे डीएनए क्रमवारीचाही आधार घेतला जातो. मात्र जुन्या नमुन्यांतून वापरण्याजोगा डीएनए मिळणे कठीण असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालील काम टळत नाही.

सर्वांत वेळखाऊ टप्पा तुलनेचा असतो. नमुना ज्ञात प्रजातींपैकी कोणत्याही प्रजातीशी जुळत नाही, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी दीडशे वर्षांतील लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इंग्रजी वर्णने वाचावी लागतात आणि मूळ नमुने मागवावे लागतात किंवा त्यांची छायाचित्रे पाहावी लागतात.

नामकरणाचे नियम

शैवाकांची नावे शैवले, कवके व वनस्पती यांच्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार दिली जातात. या संहितेप्रमाणे शैवाकाचे नाव त्यातील कवकाचे मानले जाते. शैवलाचे नाव वेगळे असते. नाव दोन शब्दांचे असून पहिला शब्द वंशाचा व दुसरा प्रजातीचा असतो. दुसरा शब्द बहुधा स्थळ, वैशिष्ट्य किंवा एखादा अभ्यासक यांवरून घेतला जातो. ‘अंदमानेन्सिस’ म्हणजे अंदमानचे, ‘निकोबारेन्सिस’ म्हणजे निकोबारचे.

प्रत्येक नावाला एक आधारनमुना जोडलेला असतो. त्या नावाचा अर्थ काय, याबाबत वाद झाल्यास अंतिम प्रमाण तो नमुनाच असतो. तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे, हे प्रसिद्धीच्या वेळी सांगणे बंधनकारक आहे. १ जानेवारी २०१२ पूर्वी नव्या प्रजातीचे वर्णन किंवा तिचे वेगळेपण सांगणारे निवेदन लॅटिन भाषेत देणे आवश्यक होते. आता ते लॅटिन किंवा इंग्रजीत देता येते. १ जानेवारी २०१३ पासून कवकांच्या, म्हणजेच शैवाकांच्याही, नव्या नावाला मान्यताप्राप्त नोंदवहीतील क्रमांक घेणे अनिवार्य झाले आहे.

भारतात याला कायद्याचीही जोड आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्याने शोधलेल्या प्रजातीची माहिती नियुक्त केलेल्या राष्ट्रीय भांडारांना देणे आणि तिचा नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. नायलँडर यांच्या काळात नमुने देशाबाहेर जात. आता नव्या प्रजातीचा नमुना देशात राहतो आणि पुढील अभ्यासकाला तो उपलब्ध होतो.

किती प्रजाती अद्याप अज्ञात?

जगात शैवाकांच्या सुमारे २० हजार प्रजाती ज्ञात आहेत. के. पी. सिंग आणि जी. पी. सिन्हा यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत भारतातील ३०५ वंशांच्या २,३०३ प्रजातींची नोंद आहे. त्यानंतर या संख्येत भर पडत राहिली आहे.

ज्ञात आकडा अपुरा असल्याचे दाखवणारे पुरावे गेल्या काही वर्षांत पुढे आले. २०११ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन एकाच लेखात शैवाकांच्या १०० नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये केवळ लिपी-शैवाकांच्या कुलातील १७५ नव्या प्रजातींचा प्रकल्प जाहीर झाला. त्याच वर्षी मध्य व दक्षिण अमेरिकेतील एकच प्रजाती समजल्या जाणाऱ्या शैवाकाचा डीएनए तपासला असता त्यात किमान १२६ प्रजाती असल्याचे आढळले. अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना आणि असेन्शन या एकाकी बेटांच्या सर्वेक्षणातूनही नव्या प्रजाती मिळाल्या आहेत. उष्ण कटिबंधातील जंगले आणि दूरची बेटे येथे अद्याप बरेच काम शिल्लक आहे, असे यावरून दिसते.

अंदमान-निकोबारमध्ये या कामाला स्वाभाविक मर्यादाही आहेत. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार मोठा वनप्रदेश राखीव असून तेथे परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. नॉर्थ सेंटिनेल बेटाजवळ जाण्यासही मनाई आहे. तेथील रहिवाशांचे हित लक्षात घेता ही बंधने आवश्यक आहेत आणि त्यांमुळे जंगलही टिकून राहिले आहे.

अधिवासापुढील आव्हाने

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात निकोबार बेटांचा किनारा खचला. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरील इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खाली गेला. उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला. एका ठिकाणी समुद्र आत शिरल्याने, तर दुसरीकडे भरतीचे पाणी पोहोचेनासे झाल्याने खारफुटी व किनारी वृक्ष मोठ्या प्रमाणावर वाळले. त्या खोडांवरील शैवाकेही त्यांच्यासोबत गेली.

सध्या ग्रेट निकोबारमधील नियोजित प्रकल्पाची चर्चा आहे. मालवाहू जहाजांचे बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नगर यांचा समावेश असलेल्या या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यासाठी १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमिनीचा वापर प्रस्तावित असून सुमारे ९.६४ लाख वृक्ष बाधित होण्याचा अंदाज केंद्र सरकारने संसदेत दिला आहे. वृक्षतोड टप्प्याटप्प्याने होईल आणि सुमारे ६६ चौरस किलोमीटर क्षेत्र हरित पट्टा म्हणून राखले जाईल, असे सरकारचे म्हणणे आहे. भरपाईदाखल वनीकरण हरियाणात प्रस्तावित करण्यात आले. सामरिक गरज आणि पर्यावरण यांविषयी दोन्ही बाजूंनी मते मांडली जात आहेत.

शैवाकांच्या दृष्टीने प्रश्न नेमका आहे. सालीवर वाढणारे शैवाक त्या झाडाशी, त्या आर्द्रतेशी आणि त्या सावलीशी बांधलेले असते. झाड पडल्यावर ते जगत नाही. कोरड्या प्रदेशात लावलेल्या रोपांवर बेटावरील वर्षावनाचा समूह निर्माण होण्याची शक्यता नसते. वृक्षांची गणना होते, प्राणी-पक्ष्यांच्या याद्या तयार होतात. परंतु सालीवरील कवचरूप शैवाके बहुधा या हिशेबाबाहेर राहतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या संकटग्रस्त सूचीत शैवाकांचा पहिला समावेश २००३ मध्ये झाला आणि तोही केवळ दोन प्रजातींचा. जगातील बहुसंख्य शैवाकांचे असे मूल्यमापन अद्याप झालेले नाही.

एखाद्या क्षेत्रातील जंगल तोडण्यापूर्वी तेथील खोडे व पाने यांवरील नमुने गोळा करणे तुलनेने कमी खर्चाचे आहे. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतात ती कागदी पाकिटे, अचूक नोंदी आणि त्या नमुन्यांचा अभ्यास करणारी प्रशिक्षित माणसे. संग्रहालयातील नमुना जंगलाची जागा घेऊ शकत नाही. तथापि त्या ठिकाणी कोणती प्रजाती होती, याचा पुरावा त्यातून शिल्लक राहतो आणि तीच प्रजाती शेजारच्या बेटावर जिवंत आहे का, याचा शोध पुढील संशोधकाला घेता येतो.